ग्रंथी बोलतेय

११ फेब्रुवारी
कॅल्शियम साडेअकरा! मानेत चार बारक्या ग्रंथी असतात म्हणे. त्यातली माझी एक चेकाळलीय, रक्तातलं कॅल्शियम वाढवत सुटलीय. हाडं दुखणं, मुतखडा, विसरणं, चिडचिड — सगळं तिचंच. ऑपरेशन करून काढायची.

ह्यांना इतका आनंद झालेला मी लग्नातही पाहिला नव्हता. "बघ! नोकरीचं खूळ तुझं नाहीच. ही ग्रंथी बोलतेय!"

१२ फेब्रुवारी
खूळ म्हणजे काय, तर दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाने मला बांधणी विभागाची प्रमुख म्हणून बोलावलंय. इतकी वर्षं पुस्तकं शिवली, पहिल्यांदा कुणी आपणहून विचारलं. उत्तर मार्चअखेर द्यायचंय.

पण घरात नियम झाला — ज्याची ग्रंथी बिघडली, त्याचं बोलणं ऑपरेशन होईपर्यंत मनावर घ्यायचं नाही. नियम ह्यांचा. लेकीने फोनवरून री ओढली. कार्टी!

२० फेब्रुवारी
म्हटलं, नळ गळतोय. "ग्रंथी!"
नळ अजून गळतोय.

५ मार्च
खरं लिहू? भीती वाटते. ग्रंथीबरोबर त्या नोकरीवर जायची इच्छाही निघून गेली तर?

९ मार्च
झालं! स्कॅनमध्ये नेमकी जागा सापडली होती, त्यामुळे गळाभर शोधाशोध नाही. बोटाच्या पेराएवढा छेद, उद्या घरी.

हे वजनमापांचे निरीक्षक. मी शुद्धीवर येतेय तोच ह्यांचा आवाज — "डॉक्टर, भरली किती?" ग्रॅमभरसुद्धा नाही. हे हिरमुसलेच. "तीस वर्षांची भांडणं, आणि ग्रॅमभरसुद्धा नाही?"

१८ मार्च
रक्त द्यायला गेलो. ह्यांचा कुठल्याच यंत्रावर विश्वास नाही. बाही सारून बसले. "माझंही घ्या. ठणठणीत माणसाचा नमुना नको? त्याशिवाय तुमचा काटा बरोबर आहे हे कळणार कसं?" रक्त काढणारी माझ्याकडे बघत राहिली. मी छताकडे!

१९ मार्च
माझं साडेनऊ. एकदम नॉर्मल! डोकं शांत. हाडं गप्प. आणि जायचंय. अजूनही जायचंय! स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले.

ह्यांचं रक्त पुन्हा तपासतायत म्हणे.

२० मार्च
ह्यांचं बारा. दोनदा तपासलं, बाराच! मान दाखवायला बोलावलंय.

मी होकाराचं पत्र टाकून आले. हे दारातच ओरडले, "तू कुठेही जायचं नाहीस!"

"ही ग्रंथी बोलतेय," म्हटलं, आणि माळ्यावरून बॅग काढली.