आठव्या दिवसाचं राहिलं

माय, बाहेरच्या खोलीत लोहारा गावची एक बाई बसली आहे. तिचा चहा निवून गेलाय. काल नवऱ्याने काठी उगारली तेव्हा तिने ती हिसकली आणि त्याच्याच खांद्यावर हाणली. रात्रभर बहिणीकडे राहिली. आज तो फोनवर गोड बोलतोय, घरी ये म्हणतोय. ती मला विचारते, "ताई, तुमचा बाप एका फटक्यात सुधरला, तुमीच दारव्ह्याच्या सभेत सांगतलं. मंग जाऊ नं मी?" चष्मा शोधते असं सांगून मी आत आले आणि तुला लिहीत बसले.

ती दुपार अजून दिसते. चुलीपाशी सरपणाला आणलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा. बाबा त्यातली एक ओढतात, पहिला फटका तुझ्या पाठीवर बसतो. दुसऱ्याआधी तू ती हिसकतेस आणि त्यांच्या पायांवर मारतेस. बाबा मटकन खाली बसतात. मी नऊ वर्षांची, कोपऱ्यात. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. सभेत मी इथंच थांबते, कारण टाळ्या इथंच पडतात. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतही इथंच थांबले होते. तू मागे बसून ऐकलंस. घरी आल्यावर माझा बक्षिसाचा कप पदराने पुसलास आणि म्हणालीस, "लय छान बोलली वं. पण अर्धंच काहून सांगतलं?"

उरलेलं अर्धं असं, की बाबा सात दिवस गोड बोलले. आठव्या दिवशी, तू पाठमोरी भाकर थापत असताना, त्यांनी तुझं मनगट मोडलं. तेव्हा तुझ्यासोबत कापूस वेचणाऱ्या बाया अंगणात येऊन बसल्या. "लावा नं भाऊजी हात! आमाले बी पाहू द्या तुमची मर्दुमकी." महिनाभर त्यांच्यातली एक तरी रोज आपल्या ओसरीवर झोपायची. बाबा थांबले ते त्यांच्यामुळे.

तू मारलंस ते बरोबरच होतं, हे मी उद्याही माईकवर ओरडून सांगेन. पण बायांना मी फटका सांगितला आणि आठवा दिवस लपवला. किती जणी अशाच एकट्या घरी परतल्या असतील?

"ताई, निघू का? तो सारखा फोन करून राह्यला."

"थांब! एकटीनं जायचं नाही."

हा कागद तू पुसलेल्या त्या बक्षिसाच्या कपात ठेवते आणि बाहेर जाते. खरं सांगू, तिच्या नवऱ्याची मला तेवढी भीती वाटत नाही. सगळं ऐकून ती विचारेल, "मंग सभेत काहून नाही सांगतलं?" त्या प्रश्नाची वाटते.