भुरीच्या बाजूनं

१४ मे, शनिवार
परवा लिहिलं की मेलेल्या रेडकाचं कातडं बाहेरच्या माणसानं काढलं. खोटं. बाबांनी काढलं. धम्म घेतला तेव्हापासून त्यांनी हे काम सोडलं होतं, म्हणून मी वहीतही लपवलं. कातड्यात कडबा भरून शिवलं, आमच्या म्हशीपुढं, भुरीपुढं ठेवलं. ती चाटते आणि पान्हा सोडते.
बाबा म्हणाले, "हात इसरले न्हाईत गं." मग धूत बसले. घागर संपली तरी.

१५ मे
सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलाशी मी अडखळले. वहिनीला ताप, अंगावर दूध नाही. बाळ भुरीच्याच दुधावर.
भुरीला फसवतोय म्हणाले, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, म्हशीला खरं सांगून टाका. मग बाळाला पाजा तुमची दहावी."

१७ मे, मंगळवार
आज भुरीच्या बाजूनं.
हे उठत नाही. ढुशी देत नाही. पहिल्याच दिवशी कळलं मला. पण केसांच्या खाली माझाच वास आहे. वास आहे तोवर मेलं कसं म्हणू? मुलगी बघत राहते. तिला वाटतं मी फसले. मी चाटते, कारण जिभेला दुसरं कुणी नाही. फसवतंय कोण, कुणाला?

२० मे, शुक्रवार
चाऱ्याचा अर्ज जळकोटच्या कचेरीतून परत. सवयीनं मी 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलं. आपण लातूरचे झालो, वर्षही नाही झालं. दुसरा लिहून दिला. आठ दिवस तरी चारा नाही.
बाबा म्हणाले, "माजा अंगठाच बरा व्हता. त्याला जिल्हा नव्हता."

२३ मे, सोमवार
रेडकाचं पोट उसवलेलं. आतला कडबा भुरीनं खाल्ला. सगळा. मग रिकामं कातडं चाटत उभी. पान्हाही सोडला. बाळ प्यालं, झोपलं.
अर्ज नीट लिहिला असता तर
तिच्या बाजूनं लिहायला बसले. एकच ओळ आली: भूक होती, आणि ते माझंच होतं.
बाबा म्हणाले, "चिंध्या भर अन् शिव. तुजी शिवण बारीक हाय." मांडीवर घेतलं. रिकामं, तरी वजन रेडकाएवढं. सुई तशीच राहिली.

२४ मे
बाबांना 'शिवते' म्हणाले. आणखी एक खोटं. शिवणार नाही. नाल्याकाठी पुरणार, आणि भुरीपुढं मी बसणार, माझा हात तिच्या जिभेखाली देऊन. तिनं पान्हा चोरला तर बाळ
आधी वहिनीला सांगायला हवं. उद्या सांगेन.
पुरायचं परवा, गुरुवार २६ मे, बुद्धपौर्णिमा. सकाळच्या धारेच्या आधी.