भाग न जाणारा फोन

८ फेब्रुवारी
जावईबापू म्हणतात, घरातला फोन कापू. मोबाइल असताना हे डबडं कशाला? डबडं! नंबर २२१११९. लग्न झाल्यावर ह्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की आपला नंबर मूळ संख्या आहे. एक आणि तो स्वतः, तिसऱ्या कुणाची मात्रा चालत नाही. मुलीला ठणकावलं, सिद्ध करून दाखवते. खोटं ठरलं तर माझ्या हाताने वायर काढीन. ती म्हणाली, मोबाइलला विचारू ना, क्षणात सांगेल. मोबाइल मोबाइलचीच बाजू घेणार.

९ फेब्रुवारी
शेजारच्या निवृत्त गणिताच्या बाई न बोलावता आल्या. वहिनी, फक्त मूळ संख्यांनी भागा, तेही ४६७ पर्यंत. भाजक जोडीने येतात, त्यातला एक ४७० च्या आत असतोच. जशी मला माहीतच नाही, वाचनालयातल्या पुस्तकात हे मी कधीच वाचलंय. वर म्हणे, क्रमाने जा, एकही गाळू नका. बाईंनी जन्मभर पोरांना दटावलं, आता मी सापडले.

१३ फेब्रुवारी
दोन, तीन, पाच तोंडावर आपटले. सातला बाकी तीन, अकराला आठ, तेराला दोन. किरकोळ मंडळी.

१८ फेब्रुवारी
काल लिहिलं नाही. हे गेले त्या तारखेशी माझं बोलणं बंद आहे. भागाकारातही तेरावरून थेट एकोणीसवर गेले. एका आकड्यावाचून काही अडत नाही. एकोणीसला बाकी सोळा.

२ मार्च
१०१ ने भागलं, बाकी शून्य! पुन्हा केलं, तीस. दोष चष्म्याचा.
संध्याकाळी बाजारातून मोबाइलने घरचा नंबर लावला. उचलणार कोण? पण वाजला. कापल्यावर वाजेल का? जावयाला हे कोण समजावणार. त्याला बायकोचा नंबर पाठ नाही.

१५ मार्च
४६७ झाला. बाकी २२८. संपलं! हे जाऊन परवा वर्ष होईल, तेव्हा दोघं येणारच आहेत. जावयाची जिरवते. बाईंनाही बोलावलंय. शिकलेल्यांनी बघावं.

१७ मार्च
लिहिते आज.
बाईंनी कागद चाळले. वहिनी, सतरा कुठंय? म्हटलं, त्याची गरज नव्हती. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंनी तिथेच भागलं. तेरा हजार सात. बाकी शून्य.
मुलगी म्हणाली, आई, राहू दे गं फोन. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. वायर काढायला बसले तर भिंतीतला स्क्रू हलेना, ह्यांनीच पिळलेला. शेवटी जावयालाच हाक मारावी लागली.
हे तेरापर्यंत भागून उठले असणार. काम अर्धवट टाकून जायची सवयच होती त्यांना.