एकशिंगी म्हशीचा मार्का

अण्णा, आपल्या डाळीच्या पोत्यावरची एकशिंगी म्हैस आता दुबईला आणि लंडनला निघाली आहे. हसू नका. मार्का तिकडे नोंदवला नाही, तर उद्या कुणीही तो स्वतःच्या पोत्यावर मारील आणि आपलीच डाळ तिथे नकली ठरेल. आपला देश मार्क्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथूनच एका अर्जात हवे ते देश लिहिता येतात. तुमच्या मात्र भोकरहून नांदेडच्या मोंढ्यातल्या धान्यबाजारात पोती पोचवताना नाकी नऊ यायचे!

तुमची नात पुण्याहून चित्रकला शिकून आली आहे. तिनं नवी म्हैस काढली, तुकतुकीत, दोन्ही शिंगं डौलदार. "आई, परदेशात लोक हसतील गं या लंगड्या म्हशीला," म्हणाली. शिंग नसलं की लंगडी कशी होते, कोण जाणे. मला आपल्या गिरणीतला तो दिवस आठवला. पोत्यावर म्हैस छापायच्या पत्र्यात कोरलेलं एक शिंग रंगानं कधीचं बुजलेलं. मी कॉलेजातून सुट्टीला आलेली, खिळा घेऊन ते कोरत बसले आहे. दोन शिंगांच्या छापाची पोती घेऊन गाडी मोंढ्यात जाते आणि संध्याकाळी भरलेलीच परत येते. अडत्याचा निरोप, ही तुमची डाळ न्हाई, तुमच्या म्हशीला एकच शिंग हाय. काय तापलात माझ्यावर! "लई शानी झालीस का गं? लोकं शिंग बघून डाळ घेतेत, अन् तू तेच बदलून राहिलीस!" मग पत्र्यावर ओला रंग थापून शिंग परत बुजवलंत, पोती उलटून दुसऱ्या बाजूनं छापलीत, आणि माझं रडकं तोंड बघून स्वतःच खो खो हसत सुटलात. तसं हसणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, अण्णा. फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात आम्ही मायलेकी नांदेडला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "ताई, इथं जे चिन्ह नोंदलेलं हाय, तेच जसंच्या तसं बाहेर जातंय. शिंग वाढवता येत न्हाई." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "नियमच हाय बाई, आपण काय करणार?" म्हटलं आणि सही केली.

हे पत्र पाठवू कुठे? एकच सांगते. सही करण्याआधी पोर पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा वकील हळूच म्हणाले होते, दोन शिंगांच्या म्हशीचा अर्ज आधी इथं टाका, मग तीही जाईल बाहेर, थोडा वेळ लागेल एवढंच. मी त्यांना म्हटलं, हे पोरीसमोर बोलू नका.