परवानगीचा तास

३ तारीख, सोमवार

जमलं एकदाचं! तपासनीस बाई शेवटच्या बाकावर अख्खा तास बसून होत्या. जाताना म्हणाल्या, "वर्गाला शिस्त आहे हो तुमच्या." तीन वर्षं हंगामी म्हणून काढली, आता कायम करतील असं वाटतंय.

आज इंग्रजीत परवानगी कशी मागायची ते शिकवलं. माझा नियम सगळ्यांना पाठ आहे – दार लागलं की मराठी बंद. बाहेर जायचं असलं तरी इंग्रजीतच विचारायचं. सोफाकाकांनी तीनदा हात वर केला. अठ्ठावन्न वर्षांचे, सोफे शिवतात. मागे 'मला काय येतं' शिकवलं तेव्हा "आय कॅन सोफा" म्हणाले होते! आज "आय... गो..." म्हणून अडकले. मी म्हटलं, नुसतं गो नाही, परवानगी मागा. मग "कॅन... शुड... मस्ट..." – सगळी पिशवीच उपडी केली! वर्ग हसला. मीही हसले. बसले बिचारे खाली. तास सुटल्यावर मात्र चपला हातात घेऊनच पळाले.

५ तारीख

सोफाकाका आले नाहीत.

७ तारीख, शुक्रवार

आजही नाहीत. वर्गातली पार्लरवाली त्यांच्या शेजारी राहते, तिला विचारलं. "तुम्हाला माहीत नाही, मॅडम?"

त्यांच्या लेकीनं मनाविरुद्ध लग्न केलं. सहा वर्षं बोलणं बंद. नातू चार वर्षांचा, त्याला इंग्रजीच येतं, काकांनी त्याच्यासाठी तर क्लास लावला. सोमवारी तिची बस इथल्या स्टँडवर अर्धा तास थांबणार होती. तिनं स्वतःहून फोन करून कळवलं होतं! काका पोचले तेव्हा फलाटावर फक्त झाडूवाला.



१० तारीख, सोमवार

नेमका आज दुसऱ्याची चूक दाखवण्याचा धडा. टाळायचा तरी कसा? सवयीनं बोलून गेले, "माझ्यावर टीका केलीत तरी चालेल." पार्लरवाली उठली. "यू शुड हॅव लेट हिम गो." एकही चूक नाही. कुणी हसलं नाही.

"व्हेरी गुड," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार! फळ्याकडे तोंड करून उगाच पुसत राहिले.

११ तारीख

त्यांच्या दुकानात गेले. तोंडात बारीक खिळे धरून खुर्चीला कापड ठोकत होते. मला बघून घाईघाईनं उठले, खिळे तळहातावर काढले. माफी कशी मागायची ते मी रस्ताभर घोकलं होतं. पण तेच आधी बोलले, "चूक माझीच, मॅडम. वाक्य पाठ करून यायला हवं होतं."

"अहो काका, मराठीत सांगायचं ना मला!" – हे माझे शब्द. जीभ कशी झडली नाही?

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "हो. सांगायला हवं होतं."

लेकीशी परत बोलणं झालं का, विचारलं. "उचलत नाही फोन. तिला वाटतं, मुद्दामच आलो नाही." आणि खिळे पुन्हा तोंडात.

१३ तारीख

कायम झाल्याचं पत्र आलं. त्यात 'वर्गातील शिस्त' असा खास उल्लेख. ताईला फोन केला, ती आनंदानं ओरडली. मी चार वाक्यांत फोन ठेवला.

१४ तारीख

इथे तरी खरं लिहिते.

त्यांनी मला सांगितलं होतं. त्या सोमवारी, जिन्यात, मराठीत – लेक, नातू, बसची वेळ, सगळं. "मधेच उठेन, चालेल ना?" मंगळवारी दुकानात माझं खोटं त्यांनी निमूट स्वतःवर घेतलं.

मी म्हटलं होतं, "हो हो काका, अगदी खुशाल उठा." आणि मग तपासनीस बाई आल्या.