भुलवणगडचा सातवा भाग

मेढा,
१२ फेब्रुवारी १९७२

ती. नाथादादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, बऱ्या आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ह्यांचा अजून पत्ता नाही. पलटणीतून दुसरं पत्र आलं, त्यातही तारेतलंच, लढाईत बेपत्ता. गेले म्हणत नाहीत, आहेत म्हणत नाहीत. माणसानं करायचं तरी काय?

तुझ्या वाचनालयातून तू एसटीच्या कंडक्टरबरोबर ‘भुलवणगड’चे भाग धाडायचास, ते ह्यांनी गणपतीच्या रजेत आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवले. ह्यांनी राक्षसाचा आवाज काढला की शेजारच्या धोंडुबाई दार लावून घ्यायच्या. सहाव्या भागाच्या शेवटी राजपुत्र भुयारात उतरतो, मागं शिळा बंद होते, आणि नेमकी तिथंच रजा संपली. सातवा मी आल्यावरच, माझ्यामागं वाचलात तर याद राखा, असा दम देऊन हे गेले.

आता सासूबाईंनी तेच धरून ठेवलंय. घरचं माणूस बाहेर असताना पोथीची समाप्ती करू नये, केली तर ते माणूस परत येत न्हाई, म्हणतात. आवं, ही पोथी न्हाई, गोष्टीचं पुस्तक हाय, असं मी म्हटलं. तर वाचणारा माझा ल्योकच हाय न्हवं, म्हणाल्या. यावर काय बोलू? सातवा भाग पाठवू नकोस.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
विजू

सांगली,
५ मार्च १९७२

चि. विजूस अनेक आशीर्वाद.

मॅट्रिक झालेली पोरगी तू, आणि गोष्टीच्या पुस्तकाला भ्यायलीस! सातव्या भागासाठी इथं वाचक माझ्याशी हमरीतुमरीवर येतात. तरी तुझ्यासाठी तो टेबलाच्या खणात दाबून ठेवलाय.

विजू, कडू लिहितो. बेपत्ता म्हणजे काय, हे इथल्या दोघा-तिघा जुन्या फौजींना विचारलं. त्यांनी माना खाली घातल्या. जोतीरामरावांसारखा मेहुणा मला सात जन्मांत मिळायचा नाही, पण तू बावीस वर्षांची आहेस. जूनमध्ये इथल्या अध्यापिका विद्यालयात प्रवेश निघतात. एक भाग संपला की पुढं काय वाचू म्हणून तू माझ्यामागं टुमणं लावायचीस ना? आता शिक्षणाची पुस्तकं वाच. तुझं नाव निघालं की आई डोळ्यांना पदर लावते.

राग आला तर कागदावर काढ. मनात ठेवू नकोस.

तुझा,
नाथाजी

मेढा,
१४ मार्च १९७२

ती. दादास नमस्कार.

राग आलाच आहे, घे कागदावर. पाकिटावर तू नुसतं चि. विजयमाला लिहिलंस. सौ. कुठं गेलं? आमचा पोस्टमन धुळा ओट्यावर उभा राहून प्रत्येक पत्ता मोठ्यानं वाचतो. त्यानं वाचला आणि सासूबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. नाथाजीला काय कळलंय, त्यानं कुणाकडनं ऐकलं, म्हणून दिवसभर विचारत होत्या. विसरला असंल, घाईत असंल, असं सांगून माझी जीभ झिजली. माझ्या कपाळाचं कुंकू पुसायचा अधिकार तुला कुणी दिला रे?

आम्ही पहिल्या भागापासून पुन्हा सुरुवात केली आहे. मी वाचते. मला राक्षस जमत नाही. जोती असं न्हवता वाचत, म्हणून सासूबाई मधेच थांबवतात आणि त्या पंचाहत्तरीतल्या थरथरत्या आवाजात स्वतःच राक्षस करून दाखवतात. हसू येतं आणि मग हसल्याचं वाईट वाटतं.

सातवा भाग आता पाठव. तिकडं परक्या कुणी समाप्ती केली तर काय घ्या, असं त्यांच्या मनानं घेतलंय. पुस्तक घरात पाहिजे, पण उघडायचं नाही.

रागातसुद्धा तुझीच,
सौ. विजयमाला

सांगली,
२२ मार्च १९७२

चि. सौ. विजूस आशीर्वाद.

चुकलो. घाईत नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. पण तसं लिहायला नको होतं.

मेढ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे सातवा भाग दिला आहे. मी तो वाचून काढलाय. शेवट काय आहे ते विचारू नकोस, सांगणार नाही. तिकडे कैदेत पडलेले आपले जवान सोडायची बोलणी होणार, असं इथं कानावर येतं. देव करो आणि मी खोटा ठरो.

तुझ्या सासूबाईंना दंडवत सांग.

तुझा,
नाथाजी

मेढा,
१८ जानेवारी १९७३

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

कैदी सुटले. त्यांत हे नव्हते. परवा आटपाडीचा बिराप्पा घर शोधत आला. ह्यांच्याच पलटणीतला, वर्षभर कैदेत होता. पहाटे नाल्यापलीकडे हे पुढं होते, मग तोफांचा धुरळा उठला, आणि तो बसल्यावर तिथं कुणीच नव्हतं, एवढंच त्यानं पाहिलं. सासूबाईंनी त्याला एकच विचारलं, जोती जेवला होता का. आदल्या रात्री आमी एकाच ताटात जेवलो, असं तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. त्यांनी त्याला पोटभर वाढलं, वाटंला लावलं, आणि मग दोन दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मी ओरडून रडले दादा, त्या रडल्या नाहीत.

आज त्यांनी अंघोळ केली, नैवेद्याला शिरा करायला सांगितला, देव्हाऱ्यातून तांबड्या फडक्यातला सातवा भाग काढून माझ्या पुढ्यात ठेवला. वाच म्हणाल्या. दिवसभर वाचलं. धोंडुबाईही येऊन बसल्या. राजपुत्राची आई दिवा घेऊन भुयाराच्या तोंडाशी बसलेली असते. शिळा हलली, एवढ्यावर पान संपलं. शेवटचं एकच पान राहिलं होतं. ते मी उलटणार, तोच सासूबाईंनी वर हात ठेवला.

तुझी समाप्ती झाली, म्हणाल्या. पुढं काय वाचायचं म्हणून नाथाजीला इचारतीस न्हवं, तर जा सांगलीला, त्यो सांगतोय ती बुकं वाच, मास्तरीण हो. माझ्याजवळ धोंडी निजंल. ह्ये एक पान माझं. त्ये मी वाचू देत न्हाई.

पुस्तक पुन्हा फडक्यात बांधून त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. ते आता परत येणार नाही, वाचनालयाला काय सांगायचं ते तू बघ. त्या पानावर काय आहे, ते मलाही सांगू नकोस.

विद्यालयाचं त्यांना मी मागंच बोलले होते. जूनच्या प्रवेशाचं तेवढं बघ. सांगलीला आले की दर आठवड्याला त्यांना पत्र घालीन, आणि त्याखाली सौ. विजयमाला अशीच सही करीन. तूही इकडच्या पाकिटावर तसंच लिहीत जा. धुळा मोठ्यानं वाचतो.

तुझी,
विजू