एकच काच, दोनदा

प्रिय बुटके,

तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी मी तुला बुटकीच म्हणणार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचललाच असतास तर मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून दिला असता. बाबा गेल्यापासून अकरा महिने आपण दोघींनी तोंडाला कुलूप घातलंय. आधी मी उघडते, मोठी आहे म्हणून.

दुकान ठीक चाललंय. दाराची काच बदलली, पाटीवरची अक्षरं पुन्हा रंगवून घेतली. मागच्या खोलीत काचा घासणारे आपले कारागीर काका अजून येतात, गुडघे कुरकुरतात तरी येतात आणि माझ्यावर डाफरतात. बाबांची खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर आता मी चष्म्याच्या फ्रेमांचे खोके ठेवते. हे वाचून तू म्हणशील, बघा, हिला काही वाटतच नाही.

तू तेच म्हणाली होतीस. बाबांना पोचवून आपण घरी आलो. तू जिन्यातच बसलीस, रडून रडून तुझा आवाज गेला होता, आणि तू मला विचारलंस, ताई, तुला बाबा गेल्याचं काहीच वाटत नाही का गं? मी उडवाउडवी केली नाही. खरंच आत बघितलं, कपाट उघडून बघावं तसं. आत काहीच नव्हतं. दोन वर्षं त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, ते सगळं संपल्याचं हलकेपण तेवढं होतं. म्हणून म्हटलं, नाही गं, सुटल्यासारखं वाटतंय. तू मला दगड म्हणालीस आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं.

मला तुझा राग आला होता, कारण मी खरं बोलले होते. बाकीच्यांना माझ्या चेहऱ्यावरून अंदाज बांधावा लागतो, मला नाही. माझ्या मनात काय आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार? माझंच घर, किल्ली माझ्याकडे. इतके महिने मी या एका वाक्यावर बसून होते.

तुला बाबांची ती खोडी आठवते? गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायचे, एक काच काढायचे आणि तीच परत सरकवायचे. मग अगदी गंभीरपणे विचारायचे, आता? दहातले सहा जण म्हणायचे, हां, आता छान दिसतंय! तू नजर तपासायच्या अक्षरांच्या पाटीमागे तोंड दाबून फिदीफिदी हसायचीस आणि बाबा डोळे वटारायचे. एकदा मी म्हटलं, खोटारडे आहेत सगळे. तर बाबा म्हणाले, खोटं नाही बोलत गं, त्यांना तसं वाटतं. काय दिसतंय ते बघणाऱ्यालाच माहीत, पण सांगताना घोळ होतो, म्हणून दोनदा विचारायचं. मी हे हजारो लोकांवर वापरलं. स्वतःवर वापरायचं कधी सुचलं नाही.

आता मंगळवारची गोष्ट. एक निवृत्त बसड्रायव्हर नवा चष्मा परत घेऊन आले. बिचारे भिंतीला धरत आत आले. म्हणाले, बाई, यातून मला माझी बायकोसुद्धा धुकट दिसते, तसं ते बरंच आहे, पण रस्ता दिसायला हवा. मी हसले, माफी मागितली, चष्मा खणात टाकला. अशी चूक या वर्षात तिसऱ्यांदा झाली होती. आधी एका मास्तरांचा चष्मा, मग एका शिंप्याचा. कामाचा ताण म्हणून मी सोडून दिलं होतं.

या वेळी काका हात पुसत बाहेर आले, खण उघडला आणि तिन्ही चष्मे माझ्यापुढे ओळीने मांडले. म्हणाले, ताई, हे तिन्ही साहेबांच्या नंबराचे आहेत. बाबांना ते अजून साहेबच म्हणतात. मी नंबरांच्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. उजवा मायनस सव्वातीन, डावा मायनस साडेचार, डाव्याला तिरका नंबर सत्तरच्या कोनात. तिन्ही चिठ्ठ्यांवर तेच, माझ्याच अक्षरात. समोर म्हातारा माणूस बसवून मी त्याचे डोळे नीट तपासले होते आणि कागदावर बाबांचे डोळे उतरवले होते. मी काकांवर ओरडले, पहिल्याच वेळी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

बुटके, माझं मन मागच्या खोलीतल्या माणसाला कळत होतं, माझ्या हाताला कळत होतं, फक्त मला कळत नव्हतं. मी बाबांच्या खुर्चीवरचे खोके खाली ठेवले आणि तिच्यात बसून राहिले. रडू मात्र आलं नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. आणि आता नवीनच भीती बसली आहे. मला खरंच दुःख होतंय, की समोर तीन चष्मे पुरावा म्हणून मांडलेत म्हणून मी त्या सहा जणांसारखी हां, आता दिसतंय म्हणते आहे? कितीही आत डोकावले तरी ठरत नाही.

दर वर्षी मी बाबांचे डोळे तपासायचे आणि बाबा माझे. आपले आपल्याला तपासता येत नाहीत, समोर कुणीतरी बसावंच लागतं. ते अंथरुणाला खिळल्यापासून माझे डोळे कुणी तपासलेले नाहीत. पत्र लिहिलं ते याचसाठी. येत्या रविवारी दुकान बंद ठेवते आहे. तू ये. मी खुर्चीत बसेन, तू पाटीमागे नाही, माझ्यासमोर बस, आणि जिन्यात विचारलेला प्रश्न मला पुन्हा विचार. मी जे उत्तर देईन त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस आणि रागावून उठूनही जाऊ नकोस. काच न बदलता, तोच प्रश्न आणखी एकदा विचार.

तुझ्या प्रश्नाची वाट बघणारी, तुझीच,
ताई